होळी ते मृग : मनावरचे परस आणि माजघर

धार जिल्ह्यातल्या मनावरला वसंत फार दिवस राहत नाही. माघ सरता सरता पहाटेचा गारवा ओसरतो, होळीच्या आसपास पळस फुलतो आणि चैत्र निम्मा होईपर्यंत दुपारच्या झळा सुरू झालेल्या असतात. मधल्या सहा-सात आठवड्यांत परसातले वेल मांडवावर चढले पाहिजेत आणि वर्षाची बेगमी कोठीत गेली पाहिजे. दोन्ही कामे एकाच घरातली. ती करणारे हात तेच, पाणी तेच आणि ऊनही तेच. म्हणून इथल्या छोट्या घराच्या बागेचा विचार माजघराला सोडून करता येत नाही.

धार जिल्ह्याचे दोन थर आहेत. धार शहर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. मांडवगडाच्या दक्षिणेला विंध्याची कड एकदम उतरते आणि खाली नर्मदेचे खोरे लागते. हे निमाड. मनावर या खालच्या थरात, मान नदीच्या काठी आहे. मान पुढे नर्मदेला मिळते. त्यामुळे फाल्गुनात वर पठारावर, देवासला वा धारला, रात्री पांघरूण लागत असते, तेव्हा मनावरकर अंगणात खाटा टाकण्याच्या विचारात असतात. देवासच्या आत्याने कळवलेली भेंडी लावण्याची तारीख मनावरच्या भाचीला दहा-पंधरा दिवस उशिराची ठरते, ती यामुळेच.

तारखांचा आणखी एक गोंधळ इथल्या मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पवार, शिंदे, होळकर यांच्या राजवटींबरोबर जी कुटुंबे या मुलखात आली त्यांचा महिना अमावास्येला संपतो. आजूबाजूच्या माळवी-निमाडी घरांचा पौर्णिमेला. होळी झाली की शेजारच्या घरात चैत लागतो, मराठी घरात मात्र फाल्गुन वद्य चालू असतो. म्हणून ‘चैतात लाव’ हा शेजारणीचा सल्ला ऐकताना कोणाचा चैत्र, हे विचारून घेणे बरे. उन्हाळी भाजीच्या बाबतीत पंधरवड्याची चूक महागात पडते.

परसाची रूपेही दोन आहेत. गावातल्या जुन्या घरांमागे विहीर किंवा हातपंप, तुळस, मोरीजवळ केळ आणि बाकी मोकळी जागा असे असते. गावाबाहेर भिल्ल आणि भिलाला कुटुंबांची घरे एकमेकांना चिकटून नसतात. ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या शेतात, अशा विखुरलेल्या घरांची वस्ती म्हणजे फलिया. घराभोवती बाभळीच्या वा बोरीच्या फांद्यांचे काटेरी कुंपण घातलेला तुकडा म्हणजे बाडा. पावसाळ्यात त्यात मका उभा असतो आणि वेल कौलांवर चढलेले असतात. छोट्या घराची शेती कशी असावी हे ज्याला पाहायचे असेल त्याने हा बाडा आधी पाहावा. शेणाचा ढीग, शेळ्या, कोंबड्या, चूल आणि भाजी यांच्यातले अंतर तिथे पंचवीस-तीस पावलांहून जास्त नसते, आणि त्याची सगळी किफायत त्या जवळीकेत आहे.

बागेचे पहिले काम मातीचे. मनावरच्या बाजूची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. ओली असताना चिकट आणि वाळली की भेगाळणारी. खाली चुनखडीचा थर आहे. अशा चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. लिंबाची किंवा पेरूची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते या कारणाने. पुष्कळ जण त्याला पाण्याची कमतरता समजतात आणि आणखी पाणी घालून रोग वाढवतात. त्यावर घरातला उपाय म्हणजे कुजलेले खत भरपूर घालणे. त्यातली सेंद्रिय आम्ले मुळांजवळ लोह मोकळे करतात, आणि काळ्या मातीच्या ढेकळांनाही तेच खत भुसभुशीत करते.

हे खत करण्याची जी पद्धत जगभर गेली तिचा जन्म मनावरहून फार दूर झालेला नाही. १९२४ साली इंदूरला वनस्पती-उद्योग संस्था सुरू झाली. काम कापसाचे होते. संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांच्यापुढे प्रश्न होता की कापसाच्या पऱ्हाट्यांसारखा टणक, न कुजणारा कचरा जमिनीत परत कसा घालायचा. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी त्याचे जे उत्तर काढले ते ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखले जाते. १९३१ साली दोघांच्या नावाने त्यावर इंग्रजी पुस्तक निघाले. हॉवर्ड यांचे नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक पुस्तकात असते. वाड यांचे नाव मराठी वाचकालासुद्धा सांगावे लागते, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे. १९३५ च्या एप्रिलमध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले असता ही संस्था पाहायला गेले होते, आणि पुढे ‘हरिजन’मधून त्यांनी या खताचा पुरस्कारही केला.

पद्धत साधी आहे, पण तिच्यात शिस्त आहे. पऱ्हाट्या आधी रस्त्यावर पसरत. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चुरडल्या जात. मग गुडघा-मांडीइतक्या खोल खड्ड्यात थर द्यायचे : पालापाचोळा आणि काडीकचरा, त्यावर शेण, त्यावर गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि चुलीतली राख. वनस्पतींचा कचरा तीन भाग, तर जनावरांकडचे एक भाग, असा ठोकताळा. प्रत्येक थर शिंपडून ओला करायचा, पण चिखल करायचा नाही. दोन-चार दिवसांत ढीग इतका तापतो की आत खुपसलेली सळई हातात धरवत नाही. त्या उष्णतेत तणांचे बी आणि किडींची अंडी मरतात. पंधरा दिवसांनी पहिली पालटणी, आणखी पंधरा दिवसांनी दुसरी, महिन्याने तिसरी. तीन महिन्यांत खत काळे, भुसभुशीत आणि पावसाने भिजलेल्या मातीच्या वासाचे होते. पालटणीचे कारण हवा. ढिगाला श्वास मिळाला नाही तर तो कुजण्याऐवजी आंबतो आणि घाण मारतो. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून त्या दिवसांत हाच ढीग जमिनीवर रचायचा.

मनावरच्या घराला यातून हिशेब असा लागतो. कापूस उपटून पऱ्हाट्या मोकळ्या होतात त्या पौष-माघात. त्यांचे निम्मे जळण म्हणून चुलीत जाते आणि ते टाळता येत नाही. पण उरलेल्यांचा ढीग माघात रचला तर खत पावसाळ्यापूर्वी हाती येते. म्हणजे वसंतातल्या आळ्यांसाठी खत हवे असेल तर ढीग दिवाळीच्या सुमारास घालायला हवा. ज्यांच्याकडे जनावर एखादेच आहे त्यांच्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची पद्धत जास्त सोयीची. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नाडेप’ म्हणतात आणि मध्य प्रदेशातल्या खेड्यांत विटांचे जाळीदार नाडेप टाके आजही ठिकठिकाणी दिसते. टाके साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. एका भरणीला शेण जेमतेम शंभर किलो लागते. बाकी काडीकचरा आणि माती. भिंतींतल्या भोकांतून हवा खेळते, त्यामुळे पालटणी लागत नाही. तीन-चार महिने वाट मात्र पाहावी लागते.

खतानंतर पाणी. निमाडच्या वसंतातल्या बागेचा खरा मालक पाणीच. मार्चअखेरीस दुपारची हवा इतकी कोरडी होते की सकाळी सपाट वाफ्यात सोडलेले पाणी संध्याकाळी शोधूनही सापडत नाही. म्हणून उन्हाळी भाजीला सपाट वाफा करू नये, आळे करावे : हातभर रुंद, वीतभर खोल, त्यात दोन-तीन घमेली खत मातीत मिसळून कडा उंच ठेवलेली. पाणी द्यायचे ते संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. वेल मोठा झाला की एका आळ्याला एक दिवसाआड सात-आठ लिटर पुरतात, जर आळे झाकलेले असेल तर. झाकायला गव्हाचा भुसा, वाळलेला पाला, उसाचे पाचट, काहीही चालते. चार बोटे जाडीचे हे आच्छादन आणि उघडी माती यांतला फरक कोणालाही हात घालून पाहता येईल : दुपारी दोन वाजता उघडी माती चटका देते आणि आच्छादनाखालची ओलसर, गार लागते.

यासाठी विहिरीचे पाणी वेगळे उपसावे लागत नाही. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी, माठ विसळलेले पाणी, राखेने घासलेल्या भांड्यांचे पाणी एका बादलीत साठवले तर पाच माणसांच्या घरातून चार-सहा वेल जगतात. साबणाचे पाणी मात्र वेलांना घालू नये. धुण्याच्या सोड्यातले आणि पावडरीतले सोडियम काळ्या मातीचे कण विस्कटते. दोन उन्हाळ्यांत जमीन वरून चोपण होते आणि पाणी आत जाईनासे होते. ते पाणी मोरीमागच्या केळीला, अळवाला, कर्दळीला सोडावे. ही झाडे ते पुष्कळसे सोसतात.

आणखी एक जुनी युक्ती आहे आणि ती मनावरच्या कुंभाराच्या आव्यातून निघणाऱ्या साध्या मडक्याने साधते. न रंगवलेले पाच-सहा लिटरचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे, पाण्याने भरायचे, वर खापरी झाकायची आणि त्याच्या भोवती वेलाचे बी टोकायचे. मडके पाझरते, पण माती जेवढे ओढील तेवढेच. मुळे मडक्याला मिठी मारतात आणि तीन-चार दिवसांनी एकदा भरणे पुरते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात वेलफळांसाठी हीच रीत सांगितली आहे. ठिबकच्या नळ्या न परवडणाऱ्या घराने दुसरे काही न करता एवढे करून पाहावे.

आता लावणी. थंडी असताना भेंडीचे बी रुजत नाही, जमिनीतच कुजते. रात्री उबदार होऊ लागल्या की मग ते टोकावे. मनावरला ही वेळ माघाच्या दुसऱ्या पंधरवड्यात येते. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून घेतले तर आठवड्यात वर येते आणि पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिली भेंडी खुडता येते. गवार आणि चवळी त्याच सुमारास लावाव्यात. गवार निमाडच्या उन्हाला बाकी सगळ्या भाज्यांपेक्षा चांगली तोंड देते. लाल माठ आणि राजगिरा महिनाभरात कापायला येतात. एका वाफ्याचे तीन तुकडे करून दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरले तर पालेभाजी सलग मिळते. मेथी आणि कोथिंबीर मात्र चैत्रात लावणे म्हणजे बी वाया घालवणे. ऊन लागले की दोन्ही पानांऐवजी फुलावर जातात. मेथी हवीच असेल तर आंब्याच्या सावलीत, दाट पेरून, वीतभर झाली की मुळासकट उपटून वापरावी.

वेलांना घाई सर्वांत जास्त. दुधी, दोडका, गिलके, कारले, काकडी यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. दिवस मोठा आणि ऊन कडक होत जाते तशी नरफुलेच जास्त निघतात. म्हणून माघात लावलेला दोडका फळांनी लगडतो आणि चैत्रात लावलेला नुसता पिवळा फुलोरा दाखवत राहतो. एका आळ्यात तीन-चार बिया टोकाव्यात आणि रोपे चार पानांवर आली की जोमदार दोन ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटू नयेत, उपटताना शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात.

पुण्याकडे ज्याला घोसाळे म्हणतात ते इकडे गिलके. गिलके आणि दोडका ही सख्खी भावंडे, पण दोघांचे फुलण्याचे वेळापत्रक उलटे आहे. मांडवाखाली एक दिवस काढला तर ते सहज दिसते. गिलक्याचे पिवळेजर्द फूल पहाटे उघडते आणि सूर्य वर येईपर्यंत मधमाश्या त्यात घुटमळत असतात. दोडक्याची कळी दुपारभर मिटलेली राहते. उन्हे कलली की पाकळ्या सुटू लागतात आणि दिवेलागणीला फूल पूर्ण उमलते. दुधीचे पांढरे, सुरकुतलेल्या मलमलीसारखे फूलही संध्याकाळचेच. ते अंधारात दिसते ते पतंगांना. घराशेजारी रात्रभर दिवा असेल किंवा फवारणीने पतंग कमी झाले असतील तर दुधीचे पेन्सिलीएवढे कोवळे फळ धरते, दोन दिवसांत पिवळे पडते आणि गळते. खत कमी पडले असे समजून लोक खत घालतात. खरे कारण परागकण न पोचणे हे असते. उपाय दिवेलागणीच्या वेळी करायचा : नरफूल देठासह खुडावे, पाकळ्या मागे वळवाव्यात आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या मुखावर हलकेच फिरवावा. मादीफूल ओळखायला सोपे, त्याच्या मागे इवलासा दुधी असतो. पाच मिनिटांचे हे काम मुलांना दिले तर ती ते आनंदाने करतात आणि वनस्पतिशास्त्राचा एक धडा न वाचता शिकतात.

टरबूज आणि खरबूज ही खरी नदीच्या वाळवंटातली पिके. नर्मदेचे पाणी हिवाळ्यात उतरले की काठचे लोक वाळूत खड्डे करून, शेणखत भरून, वेल लावत. सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले, आणि कुक्षी, मनावर, धरमपुरी या तालुक्यांतल्या नदीकाठच्या शेतीवाडीला त्याच्या फुगवट्याने गाठले. या वाड्यांमागचे ज्ञान तरी परसात जपायला हवे : वेलाला खोल, हलकी, खतावलेली जागा आणि फळाखाली कोरडे गवत.

मोठ्या झाडांचे काम थोडके असते. शेवग्याच्या शेंगा या दिवसांत उतरतात. शेंगा संपल्या की खोड छातीइतक्या उंचीवर छाटावे, नाहीतर पुढच्या वर्षी शेंगा काढायला शिडी लागते. मोगऱ्याचे पाणी पौषात तोडून, पाने काढून, हलकी छाटणी केलेली असली की माघात खत-पाणी मिळताच तो फुटतो आणि चैत्रापासून ओंजळभर फुले देतो. किडीसाठी घरच्या दोन गोष्टी पुरेत. मावा दिसला की सकाळच्या दवात चुलीची चाळलेली राख भुरभुरावी. अळीसाठी निंबोळीचा अर्क : पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून, फडक्यात बांधून, लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवाव्यात आणि सकाळी पिळून गाळून तो अर्क त्याच संध्याकाळी फवारावा. मात्र गुढीपाडव्याला आपण ज्या कडुनिंबाचा मोहोर गुळाबरोबर खातो त्याच्या निंबोळ्या पिकतात जेठ-आषाढात. म्हणून वसंताची फवारणी ही गेल्या पावसाळ्यात वेचून सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांची असते.

परसाकडून घरात यायचे तर मध्ये गणगौर लागते. निमाडात हा सण फार जिव्हाळ्याचा. होळीनंतरच्या वद्य पक्षात, दशमी-एकादशीच्या सुमारास, एका घरातल्या अंधाऱ्या खोलीत टोपल्यांमधून गहू पेरतात. त्या खोलीचे नावच ‘माता की बाडी’. रोज हलके पाणी शिंपडले जाते, बायका रनुबाई आणि धणियर राजा यांची गाणी गातात, आणि उजेडाविना वाढलेले गव्हाचे कोंब सोनपिवळे होतात. हे जवारे चैत्र शुद्ध तृतीयेला बाहेर येतात. त्याच तृतीयेला मराठी घरात चैत्रगौर झोपाळ्यात बसते आणि महिनाभराचे हळदीकुंकू सुरू होते. एकीकडे जवाऱ्यांची मिरवणूक, दुसरीकडे आंब्याची डाळ आणि पन्हे. मनावरच्या गल्लीत एकाच संध्याकाळी दोन्ही घडते आणि एकमेकींच्या घरी जाणे-येणे होते. ज्या घरात जवारे नीट उगवतात त्या घराच्या गव्हाची उगवणही त्यातून कळते, हा त्याचा शेतकी फायदा.

तोपर्यंत नवा गहू घरात आलेला असतो. साठवणीतली सर्वांत मोठी चूक म्हणजे उन्हातून उचललेला गरम गहू तसाच कोठीत भरणे. तो आत निवतो, कोठीच्या भिंतीला ओल सुटते आणि सोंड्यांना मोकळे रान मिळते. गहू दोन-तीन कडक उन्हे द्यावा, दाताखाली धरून पाहावा. ‘कट्ट’ असा आवाज करून तुटला तर वाळला, दबला तर अजून ओला. मग रात्रभर पसरून निववून पहाटे भरावा. तळाशी आणि मधल्या थरांत सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालावा. वर्षभर चालवायच्या गव्हाला एरंडेलाचा हात लावावा. धान्यावर तेलाचा बारीक पापुद्रा बसला की किडीने घातलेल्या अंड्यांना हवा मिळत नाही. कोठी जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर दूर असावी.

मग वाळवण. क्षयाने आजारलेले कुमार गंधर्व १९४८ साली देवासला राहायला आले ते तिथल्या कोरड्या हवेसाठी, हे सर्वांना ठाऊक आहे. ही कोरडी हवा माळव्या-निमाडच्या गच्च्यांवर दरवर्षी पापड-कुरडयांच्या कामी येते. चैत्रातल्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरते. कोकणात ज्या कुरडईला तीन दिवस लागतील ती इथे एका दिवसात खणखणीत होते, आणि एका दिवसात वाळते म्हणून आंबट होत नाही. माळव्याचा बटाटा याच सुमारास निघतो, स्वस्त असतो; त्याचा कीस आणि काचऱ्या आधी उरकाव्यात.

कुरडईचे गहू तीन दिवस भिजत घालतात आणि पाणी रोज बदलतात. तिसऱ्या दिवशी दाणा बोटांत दाबला की पांढरा चीक सुटतो. मग वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर निवळत ठेवायचा. सकाळी वर तरंगणारे पिवळट पाणी ओतून दिले की तळाशी घट्ट, पांढराशुभ्र गोळा राहतो. परसातल्या दुधीच्या आळ्याला ते पाणी चालते. चीक जेवढा, तेवढेच किंवा थोडे जास्त पाणी मीठ-हिंग घालून उकळायचे आणि त्यात चीक धारेने सोडत सतत घाटायचे. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे पिठाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि दुधासारखा पांढरा चीक पाहता पाहता काचेसारखा पारदर्शक होतो. तो क्षण ओळखता आला पाहिजे. आधी उतरवला तर कुरडई तुटते, फार शिजवला तर सोऱ्यातून चिकट लोंबते. सोऱ्या गरम असतानाच दाबायचा, आणि हे सारे सकाळी आठच्या आत, म्हणजे पूर्ण दिवसाचे ऊन मिळते. वाळलेल्या कुरडईत थोडेसे पाणी अडकून राहते. तळताना त्याचीच वाफ होऊन ती फुलते.

निमाड मिरचीचा मुलूख आहे. खरगोन जिल्ह्यातल्या बेडियाचा मिरचीबाजार दूरवर माहीत आहे. वर्षाची मिरची फाल्गुनातच घ्यावी, कारण नंतर ती रंग सोडते. देठ काढून, एक ऊन देऊन, खडे मीठ मिसळून भरलेली मिरची पावसाळ्यात बुरसत नाही. चिंचही याच दिवसांत फोडायची. गर मीठ लावून बरणीत. चिंचोके फेकून देऊ नयेत. धार जिल्ह्यातल्या बाघ गावच्या प्रसिद्ध कापड-छपाईत लाल रंगासाठी तुरटीबरोबर चिंचोक्याची खळ लागते. मांडवगडावर आणखी एक चिंच मिळते, ती गोरखचिंच. आफ्रिकेतून आलेली ही अगडबंब खोडांची झाडे वसंतात निष्पर्ण उभी असतात. त्यांच्या दुधीएवढ्या फळातला कोरडा, आंबट गर पाण्यात कोळून, गूळ घालून प्यायला तर उन्हाची काहिली शमते. कैरी उतरायला लागण्यापूर्वीचे हे पन्हेच.

अक्षय्य तृतीयेला नवा माठ निघतो, त्यात वाळा पडतो, आणि वसंतातली कामे जवळपास संपतात. पुढचा महिना राखण्याचा आहे. वेलांना सावली करावी, आच्छादन जाड करावे, नवे काही लावू नये. दोडक्याचे, दुधीचे आणि गिलक्याचे एकेक उत्तम फळ खुडायचे नाही. वेलाच्या बुंध्याकडचे, दुसरे किंवा तिसरे फळ निवडून त्याला चिंधी बांधावी, म्हणजे घाईत कोणी तोडत नाही. जेठात ते वेलावरच वाळते आणि हलवले की आत बी वाजते. जूनच्या मध्यावर मृगाचा पाऊस येण्याआधी ते काढावे, बी राखेत घोळून छोट्या मडक्यात भरावे आणि तोंड शेणमातीने लिंपून घ्यावे. नीट वाळलेले असे बी दोन-तीन वर्षे उगवते.